आईच्या गुडघ्यांसाठी लाल प्रकाशाचा पट्टा: कोणी वापरलाय का?

शेवंती
आईचं वय 68. डोंबिवलीत तिसऱ्या मजल्यावर राहते, इमारतीला लिफ्ट नाही. चोपन्न पायऱ्या. दोन्ही गुडघ्यांची झीज झालीय, उजव्याची जास्त. एक्स-रे बघून डॉक्टर 'ग्रेड 3' म्हणाले, म्हणजे झीज बरीच पुढे गेलेली. दिवाळीपासून तिनं खाली उतरणं जवळजवळ सोडलंय. सकाळी भाजीवाल्याची हाक आली की गॅलरीतून दोरीला पिशवी बांधून सोडते, पैसे आतच ठेवलेले. भाजीवाला सज्जन आहे, चांगलंच देतो. पण मेथीची जुडी उलटसुलट करून, मुळं बघून घेणारी माझी आई आता वर येईल ती जुडी मुकाट्यानं निवडत बसते. मला ते बघवत नाही.

अमेरिकेतल्या मावसभावानं गुडघ्याला गुंडाळायचा एक पट्टा पाठवलाय. आत लाल दिवे आहेत. माहितीपत्रकात 660 आणि 850 नॅनोमीटर लिहिलंय आणि रोज 20 मिनिटं लावा म्हटलंय. डॉक्टरांना विचारलं तर "लावून बघा" एवढंच म्हणाले. आईला मधुमेह आहे, बारा वर्षं झाली. ऑपरेशन तिला सध्या नको आहे.

याचा खरंच उपयोग होतो का? किती वेळ लावायचा? काही धोका? ज्यांनी वापरलंय त्यांनी कृपया सविस्तर लिहा.

आगगाडी
आम्ही वापरला. वडिलांना नक्की फरक पडला. रोज 15 मिनिटं, साधारण महिनाभर. सकाळी उठल्यावर गुडघा धरायचा, ते कमी झालं.

मिरजमळा
आमचा अनुभव उलटा. सासऱ्यांसाठी ऑनलाइन मागवला, साडेआठ हजार गेले. दोन महिने नेमानं लावला, काडीचा फरक नाही. विकणाऱ्यांना मेल करून विचारलं की त्वचेवर नक्की किती प्रकाश पडतो. उत्तर आलं, "यात 120 एलईडी आहेत." तीनदा विचारलं, तीनदा तेच उत्तर. परत घ्यायलाही तयार नव्हते. शेवंती, तुमचा पट्टा भेट आलाय, म्हणजे पैशाचा प्रश्न नाही. पण आईला आधीपासून फार आशा लावू नका. सासऱ्यांना गुडघ्यापेक्षा आशा मोडल्याचा त्रास जास्त झाला.

रानजाई
फिजिओकडे लाल बल्बचा मोठा दिवा असतो, तोच ना हा? आमच्या आजीला त्याखाली बसवायचे. छान ऊब यायची. मग घरी तो बल्ब आणला तर काम भागेल का?

पाऊलवाट
रानजाई, नाही, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि त्यांची गल्लत होते म्हणून जरा लांब लिहितो. मी नाशिकला 19 वर्षं फिजिओथेरपी करतोय.

तो मोठा लाल दिवा म्हणजे शेक. त्याची ऊब मुख्यतः कातडी आणि तिच्या लगतच्या थरात जाते, तिथला रक्तपुरवठा वाढतो, आखडलेले स्नायू सैल पडतात. बरं वाटतं, पण ते उष्णतेमुळे. शेवंती ज्याबद्दल विचारतायत त्यात ऊब हा हेतूच नाही. ठरावीक रंगाचा प्रकाश, लाल म्हणजे साधारण 630 ते 670 नॅनोमीटर आणि डोळ्यांना जवळजवळ न दिसणारा अवरक्त म्हणजे 800 ते 860 च्या आसपास, कमी शक्तीनं द्यायचा. पेशींमधल्या मायटोकाँड्रियात सायटोक्रोम सी ऑक्सिडेज नावाचं विकर असतं. ते हा प्रकाश शोषतं, पेशीचं ऊर्जानिर्मितीचं काम सुधारतं आणि दाह कमी होतो, अशी आज सर्वाधिक मांडली जाणारी उपपत्ती आहे. अवरक्त प्रकाश लाल प्रकाशापेक्षा खोलवर पोचतो, म्हणून सांध्यासाठी तो महत्त्वाचा.

याची सुरुवात बुडापेस्टमध्ये झाली. 1967 च्या सुमारास एंड्रे मेस्टर नावाचे डॉक्टर उंदरांवर रुबी लेसरचे प्रयोग करत होते. लेसरनं कर्करोग होतो का हे त्यांना बघायचं होतं. कर्करोग झाला नाही, पण ज्या उंदरांवर प्रकाश टाकला त्यांचे भादरलेले केस लवकर उगवले. तिथून हा विषय पुढे गेला.

आता शेवंती, तुमच्यासाठी सगळ्यात महत्त्वाचं. आईला बारा वर्षं मधुमेह आहे. पट्टा लावण्याआधी त्यांच्या पायाची आणि गुडघ्याची संवेदना तपासून घ्या. माझ्याकडे एक आजी आल्या होत्या. घरी तो शेकाचा दिवा गुडघ्याच्या अगदी जवळ ठेवून टीव्ही बघत बसल्या. गुडघ्याच्या वाटीखाली दोन रुपयांच्या नाण्याएवढा फोड आला आणि त्यांना कळलंच नाही. सुनेनं रात्री तेल लावताना बघितला. ती जखम भरायला सात आठवडे लागले. हे पट्टे तेवढे तापत नाहीत, पण बॅटरी आणि दिवे मिळून गरम होतात, आणि बधिर कातडीला ते समजत नाही.

शेवंती
बाप रे. हे कोणीच सांगितलं नव्हतं. पट्टा कपाटात ठेवलाय. उद्याच तपासणीचं बघते.

गणिती
वेळेच्या प्रश्नाबद्दल. एक वॉटचा प्रकाश एक सेकंद पडला की एक जूल. पट्ट्याच्या पत्रकात 'मिलिवॉट प्रति चौरस सेंटिमीटर' असा आकडा शोधा. समजा तो 30 आहे. म्हणजे 0.03 वॉट. दर चौरस सेंटिमीटरला 4 जूल द्यायचे तर 4 भागिले 0.03, साधारण 133 सेकंद. सव्वादोन मिनिटं! वीस मिनिटं ठेवला तर 36 जूल होतात. नऊ पट. आणि या उपचारात जास्त म्हणजे चांगलं असं नसतं, एका मर्यादेपलीकडे परिणाम कमी होत जातो असं वाचलंय.

मिरजमळा म्हणतात तो 120 एलईडीचा आकडा निरुपयोगी आहे. खोक्यावर '60 वॉट' लिहिलेलं असतं तेही बहुधा विजेच्या वापराचं असतं, बाहेर पडणाऱ्या प्रकाशाचं नाही.

पाऊलवाट
गणिती, हिशोब बरोबर आहे आणि जास्त मात्रा म्हणजे जास्त गुण नव्हे हेही खरं. पण तो 4 जूलचा आकडा पट्ट्याला जसाच्या तसा लावू नका. या विषयातल्या जागतिक संघटनेच्या, 'वॉल्ट'च्या शिफारशीत तो लेसरसाठी आहे आणि दर बिंदूला आहे, दर चौरस सेंटिमीटरला नाही. 780 ते 860 नॅनोमीटरच्या लेसरला गुडघ्याच्या प्रत्येक बिंदूवर किमान 4 जूल, 904 च्या स्पंदित लेसरला किमान 1 जूल. रोज दिलं तर दोन आठवडे, एक दिवसाआड दिलं तर तीन-चार आठवडे. आम्ही सांध्याच्या फटीवर, जिथे दाबलं की पेशंट "आई गं" म्हणतो तिथे, प्रोब, म्हणजे लेसरचं पेनासारखं टोक, टेकवून देतो. पट्ट्यातल्या एलईडीचा प्रकाश पसरतो, शिवाय पट्टा सैल असला की बराचसा वायाच जातो. त्यामुळे पट्ट्याला थोडा जास्त वेळ लागेल. सव्वादोन मिनिटं कमी आणि एक तास नक्कीच नको, एवढंच मी छातीठोकपणे सांगू शकतो.

थेम्सकाठची
मी इंग्लंडमध्ये असते. इथे सरकारी आरोग्यसेवेसाठी 'नाइस' ही संस्था मार्गदर्शक सूचना काढते. 2022 च्या सांध्यांच्या झिजेवरच्या सूचनेत स्पष्ट लिहिलंय की लेसर, अल्ट्रासाउंड, टेन्स आणि आयएफटी (हे दोन्ही विजेच्या सौम्य प्रवाहाचे उपचार) यातलं काहीही देऊ नका, कारण फायद्याचा पुरेसा पुरावा नाही. माझ्या जीपीनं, म्हणजे इथल्या फॅमिली डॉक्टरनं, गुडघ्यासाठी दोनच गोष्टी लिहून दिल्या, व्यायाम आणि वजन. शिवाय चोळायला दाहशामक जेल. सुरुवातीला राग आला होता, पण चार महिन्यांनी मी रेल्वे स्टेशनचा पूल न थांबता चढते.

पाऊलवाट
थेम्सकाठची, तुमचा मुद्दा मान्य, ती सूचना मीही वाचली आहे. दुसरी बाजूही मांडतो. 2019 मध्ये 'बीएमजे ओपन' या नियतकालिकात नॉर्वेतल्या संशोधकांचा आढावा आला. 22 चाचण्या, 1063 पेशंट. खोट्या लेसरच्या (दिसायला तसाच, पण उपचाराचा प्रकाश न देणारा) तुलनेत खऱ्या लेसरनं वेदना 100 च्या पट्टीवर साधारण 14 नं कमी झाली. योग्य मात्रा दिलेल्या चाचण्या वेगळ्या काढल्या तर उपचार संपताना जवळपास 19 आणि त्यानंतरच्या काही आठवड्यांत 23. पेशंटला जाणवण्याजोगा फरक 20 च्या आसपास धरतात. त्याआधी 2015 मध्ये नऊ चाचण्यांचा आढावा आला होता, त्यात काही फायदा दिसला नव्हता. म्हणजे तज्ज्ञांचंच एकमत नाही. आणि त्या चाचण्यांत लेसर होता, घरगुती पट्टा नव्हता, हे विसरू नका.

उंबरठा
मी थोडं परखड लिहितो. गुडघेदुखी भरती-ओहोटीसारखी असते. माणूस औषध शोधतो ते दुखणं कळसाला असताना. तिथून ते आपोआप थोडं उतरतंच, आणि श्रेय मिळतं त्या आठवड्यात जे लावलं असेल त्याला, मग तो पट्टा असो की तेल. आगगाडी, तुमच्या वडिलांचं तसं झालं नसेल कशावरून?

आगगाडी
उंबरठा, झालंही असेल. पण ते 74 वर्षांचे आहेत, तीन वर्षं त्यांचं दुखणं उतरलेलं मी पाहिलं नव्हतं. त्या महिन्यानंतर ते नातवाला घेऊन बागेत गेले. मला कारण सिद्ध करायचं नाही. शेवंतींना अनुभव हवा होता, तो खरा आहे तसा दिला.

उंबरठा
तो अनुभव मी खोटा म्हणत नाही, मला आनंदच आहे. म्हणून शेवंतींना एक सुचवतो. वही घाला. आधी दोन आठवडे काहीच नवीन करू नका, रोज रात्री आईला विचारून दोन्ही गुडघ्यांना दहापैकी आकडा द्या. मग व्यायाम सुरू करा. मग पट्टा, तोही फक्त उजव्या गुडघ्याला. डावा तुलनेला राहील. स्वतःच्या आईपुरता याहून चांगला पुरावा दुसरा नाही.

गणिती
उंबरठा यांना अनुमोदन. आणि आईंना आदल्या दिवशीचा आकडा दाखवू नका.

कापूसकोंड्या
माह्या आईचे गुडघे असेच व्हते. अकोल्याले घरी निर्गुडीचा पाला उकळून शेक, मंग तिळाचं तेल कोमट करून हलक्या हातानं. हाड काई नवीन होत नाई, पण झोप लागते तिले. पट्टाबिट्टा आम्हाले माहीत नाई. पण एक सांगतो, सगळ्यात मोठा फरक पडला तो संडासात कमोड बसवल्यावर. उकिडवं बसून उठताना जे हाल व्हायचे ते एका दिवसात संपले. तुमच्या आईकडं कोणता हाय?

माडाखाली
कमोडबद्दल अगदी +१. आमच्याकडे म्हापशाला सासूबाई जमिनीवर आदोळीवर (नारळ खोवायच्या विळीवर) बसून नारळ खोवायच्या, एक पाय दुमडून, तास तासभर. खाली बसू नका सांगून उपयोग नव्हता, कारण खोवलेला नारळ दुसऱ्या कोणाच्या हातचा त्यांना पटत नाही. शेवटी नवऱ्यानं सुताराकडून आदोळी एका भक्कम लाकडी बाकावर पक्की करून घेतली आणि समोर तेवढ्याच उंचीचं ताट ठेवायला फळी. आता त्या खुर्चीवर बसून खोवतात. पहिले चार दिवस रुसल्या होत्या. आता शेजारणीही बघायला येतात.

रानजाई
आदोळीचं वाचून मस्त वाटलं. अवांतर झालं, पण काय सुंदर तोडगा! मूळ विषयावर येऊन दोन शंका. अशा पट्ट्यातले अर्धे दिवे पेटतच नाहीत असं दिसलं, तर तो खराब समजायचा का? आणि तेल लावून वर पट्टा चालेल का?

गणिती
850 वाले दिवे डोळ्यांना अगदी अंधुक लालसर दिसतात किंवा दिसतच नाहीत. मोबाइलच्या सेल्फी कॅमेऱ्यातून बघा, बऱ्याच फोनमध्ये ते जांभळट-पांढरे चमकताना दिसतील. टीव्हीच्या रिमोटचं टोक बघतो तसं. पण दिवा पेटतो एवढंच त्यातून कळतं, त्याची शक्ती कळत नाही.

पाऊलवाट
तेल नंतर. कातडी स्वच्छ, कोरडी, उघडी हवी. साडी किंवा पायजम्यावरून लावला तर कापडच प्रकाश अडवतं. दिव्यांकडे डोळे लावून बघू नये. त्या जागी कर्करोग असेल किंवा होऊन गेला असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय अजिबात नको. प्रकाशानं त्वचेला त्रास होणारी औषधं चालू असतील तर तेही सांगा.

व्यायामाचं कोणी विचारलं नाही, पण मला तेच सांगायचंय, कारण पट्ट्यानं दुखणं दोन तास जरी कमी झालं तरी ते दोन तास पाय कामाला लावायचे आहेत. आई पलंगावर पाय पसरून बसतील. गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी. गुडघ्यानं ती खाली दाबायची, मांडीचा पुढचा स्नायू दगडासारखा घट्ट झाला पाहिजे, हात लावून बघा. पाच आकडे धरायचं, सोडायचं, दहा वेळा. जमू लागलं की पाय सरळ ठेवून वीतभर वर उचलायचा. मग खुर्चीतून हाताचा आधार न घेता उठायचं आणि हळू बसायचं. बसताना धपकन नको, तो हळूपणाच खरा व्यायाम आहे. दुखणं दुसऱ्या दिवशीपर्यंत टिकलं तर संख्या कमी करा, बंद करू नका.

जिन्यासाठी: चढताना चांगला पाय आधी, उतरताना दुखरा पाय आधी. काठी दुखऱ्या पायाच्या विरुद्ध हातात. बहुतेक जण दुखऱ्या बाजूलाच धरतात. आणि वजन. एक किलो उतरलं की प्रत्येक पावलाला गुडघ्यावरचा भार साधारण चार किलोनं कमी होतो.

मिरजमळा
काठीचं आजच सासऱ्यांना सांगितलं. वर्षभर चुकीच्या हातात होती. इतक्या दवाखान्यांत गेलो, कोणी सांगितलं नाही. मनापासून आभार.

थेम्सकाठची
वाचनखूण साठवली. पाऊलवाट, 'हळू बसायचं' हे माझ्या इथल्या फिजिओनंही दहादा सांगितलं होतं.

शेवंती
धागा वर काढते. अकरा आठवडे झाले, सगळ्यांनी इतक्या आपुलकीनं लिहिलंत तर काय झालं ते सांगणं माझं कामच आहे.

आधी संवेदना तपासून घेतली. फिजिओताई घरी आल्या. दोन पेल्यांत कोमट आणि गार पाणी घेऊन बाहेरून टेकवलं, मग नायलॉनच्या बारीक तारेनं पायाला जागोजागी स्पर्श केला. आईचे डोळे मिटलेले. अंगठ्याच्या खाली तिला तार कळलीच नाही. मी समोर बसले होते, तार वाकलेली दिसत होती आणि आई म्हणत होती, "लाव की गं, लावत का नाहीस?" पोटात गोळा आला. गुडघ्याभोवती मात्र सगळं कळत होतं, म्हणून पट्टा चालेल म्हणाल्या, पण मी किंवा बाबा शेजारी असतानाच आणि दर पाच मिनिटांनी हात घालून बघायचं. तळव्याच्या बधिरतेसाठी मधुमेहाच्या डॉक्टरांकडे जाऊन आलो. घरातही चप्पल घालायला सांगितलीय. हा धागा काढला नसता तर ते कळलंच नसतं.

वही उंबरठा यांनी सांगितली तशीच घातली. पहिले दोन आठवडे काही न करता सरासरी: उजवा 7, डावा 5. मग तीन आठवडे फक्त टॉवेलचा आणि खुर्चीचा व्यायाम: उजवा 6, डावा 4. मग चार आठवडे व्यायामाबरोबर उजव्याला पट्टा, एक दिवसाआड 10 मिनिटं, आंघोळीनंतर: उजवा 4, डावा 4. शेवटचे दोन आठवडे पट्टा बंद, व्यायाम चालू: उजवा 5, डावा 4.

उंबरठा
शेवंती, फार नेटकं केलंत. व्यायाम चार आठवडे आणखी मुरला, हेही उजव्याच्या उतरण्याचं कारण असू शकतं. पण डावा जागेवर राहिला आणि पट्टा बंद केल्यावर उजवा थोडा वर गेला, हे मी नजरेआड करणार नाही. माझं मत थोडं बदललं.

पाऊलवाट
माझ्या अपेक्षेइतकंच आहे. एक-दीड आकड्याचा फरक पट्ट्यानं, बाकी पायानं स्वतः कमावलंय. चालू ठेवायचा असेल तर ठेवा, काही आठवडे लावून मग खंड द्या. खुर्चीतून उठणं किती वेळा होतं आता?

शेवंती
सलग आठ. सुरुवातीला हात न टेकता एकदाही उठता येत नव्हतं.

कापूसकोंड्या
लय भारी! पण ताई, कमोडचं काय झालं ते सांगितलंच नाई.

शेवंती
दादा, बसवला, दुसऱ्याच आठवड्यात! भिंतीला धरायला दांडीही लावली.

मिरजमळा
आणि त्या चोपन्न पायऱ्या? भाजीची पिशवी अजून दोरीनंच खाली जाते का?

शेवंती
रोज नाही उतरत. आठवड्यातून दोनदा, मंगळवारी आणि शनिवारी, काठी डाव्या हातात घेऊन, प्रत्येक मजल्यावर थांबून. पहिल्या मजल्यावरच्या काकूंनी दाराबाहेर तिच्यासाठी स्टूल ठेवलंय. बाकीचे दिवस दोरीच. परवा शनिवारी मी गॅलरीतून बघत होते. तिनं जुडी उलटी केली, मुळं बघितली, परत ठेवली, दुसरी घेतली. भाजीवाला म्हणाला, "आजी, वर पाठवायचो ती पण चांगलीच असायची." आई म्हणाली, "असायची रे. पण ही मी घेतली."

रानजाई
शेवंती, आता तो पट्टा रिकामा असतो त्या दिवसांत माझ्या आईसाठी वापरून बघायला मिळेल का? मी ठाकुर्लीत राहते. आधी संवेदना तपासून घेईन, वहीही घालेन.

शेवंती
नक्की ने. व्यनि (व्यक्तिगत निरोप) करते. सेल्फी कॅमेऱ्यातून बघितलंय, सगळे दिवे पेटतात.